जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येतोय? टाकीपासून इंजिनापर्यंत लाईन कशी तपासायची, सविस्तर

सकाळी गाडीचं दार उघडलं आणि नाकात पेट्रोलचा वास गेला की बहुतेक जण वाकून गाडीखाली बघतात, जमीन कोरडी दिसली की "काल टाकी फुल केली होती ना, त्याचाच असेल" म्हणतात आणि किल्ली फिरवतात. कळकळीने सांगतो, असं करू नका. पेट्रोल इतक्या पटकन उडतं की बारीक गळती असेल तर थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, पाईपवरच पसरतं, वाऱ्याने किंवा इंजिनाच्या गरमीने वाटेतच वाफ होऊन जातं आणि मागे उरतो तो फक्त वास. त्यामुळे जुन्या गाडीत वास आला म्हणजे गळती आहे असंच धरून चालायचं, आणि खाली थेंब दिसायला लागला तर ती गळती मोठी आहे असं समजायचं.

मी स्वतः एकदा दोन आठवडे बोनेटखाली नाक खुपसून शोधत होतो, सगळ्या क्लिपा आवळल्या, फिल्टर बदलला, वास काही जाईना. मग लक्षात आलं की वास फक्त टाकी फुल केल्यावर येतो आणि टाकी अर्ध्यावर आली की आपोआप बंद होतो. मागची सीट काढली, टाकीच्या वरचं झाकण उघडलं, तर वाफ जाण्यासाठी जो बोटभर रबरी पाईप असतो त्याला वाकणावर केसासारखी भेग होती, पाईप वाकवल्याशिवाय दिसत पण नव्हती. तेव्हापासून मी कधीच मधूनच सुरुवात करत नाही, टाकीच्या तोंडापासून सुरू करायचं आणि पेट्रोल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने इंजिनापर्यंत जायचं, एकही जोड न सोडता.

हात लावायच्या आधी

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण कृपा करून वगळू नका. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्या वापरातल्या कुठल्याही तापमानाला ते पेटायला तयारच असतं. हवेत साधारण दीड टक्का वाफ मिसळली की ठिणगी पुरते. आणि ही वाफ हवेपेक्षा ३ ते ४ पट जड, त्यामुळे वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते आणि खड्ड्यात, कोपऱ्यात साठून राहते. म्हणून हे काम उघड्यावर, सपाट जागी, वारा खेळत असेल तिथे करायचं. सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात उतरून तर अजिबातच नाही. जवळपास वेल्डिंग, ग्राइंडर, हीटर, पेटता गॅस, सिगारेट, उदबत्ती काहीच नको.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, शक्यतो रात्रभर. प्रकाशासाठी चांगला बंदिस्त एलईडी टॉर्च घ्या आणि तो गाडीपासून लांब चालू करून मग जवळ आणा. जुना काचेच्या बल्बचा लोंबता दिवा वापरू नका, गरम बल्बवर पेट्रोलचा एक थेंब पडला तरी काच तडकते आणि आतली तार उघडी पडते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला करा, पण लाईनमधला दाब सोडायचा असेल तर तो पुढे सांगितल्याप्रमाणे आधी सोडा. हाताला नायट्राइलचे ग्लोव्हज, डोळ्यांना चष्मा. आग विझवायचा ड्राय पावडरचा सिलिंडर हाताशी ठेवा, गाडीच्या आत नको, तुम्ही पळताना हाताला येईल असा बाहेर. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं आणि आग सोबत घेऊन जातं.

गाडी उचलायची असेल तर जॅकने उचला पण नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावा, जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, मग गाडी हाताने हलवून बघा. दुसरं कुणीतरी आसपास असू द्या.

आपल्या गाडीत प्रेशर किती आहे हे आधी समजून घ्या

यावर सगळं अवलंबून आहे, कारण ५ पीएसआयला (हे दाबाचं माप, टायरमधली हवा पण यातच मोजतात) जो जोड नुसता ओला दिसतो तोच ५० पीएसआयला कारंजं उडवतो.

कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेल्या जुन्या गाडीत इंजिनावर बसवलेला मेकॅनिकल पंप असतो, तो साधारण ३ ते ७ पीएसआय देतो. म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षा सुद्धा कितीतरी कमी. यात एक गंमत लक्षात ठेवायची, पंप इंजिनाजवळ असल्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाईन ओढीवर असते, तिथे भेग पडली तर चालू गाडीत पेट्रोल बाहेर येण्यापेक्षा हवा आत ओढली जाते. अशा गळतीला वास कमी आणि त्रास जास्त असतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे इंजेक्टर पेट्रोल दाबाने फवारतात, इलेक्ट्रिक पंप बहुतेक टाकीच्या आतच असतो आणि तो साधारण ४० ते ६० पीएसआय ढकलतो. म्हणजे टाकीपासून रेलपर्यंत (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) सगळी लाईन दाबाखाली, आणि गाडी बंद केल्यावर पण तो दाब बराच वेळ आत तसाच राहतो. अशा गाडीचा पाईप थेट ओढून काढला तर पेट्रोल डोळ्यांत उडतं. आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायचा, इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडू द्यायचं, परत दोन-तीन वेळा स्टार्टर मारायचा, मग बॅटरी काढायची आणि तरीही जोडाभोवती जाड फडकं गुंडाळूनच सैल करायचं, कारण थोडंफार पेट्रोल येतंच.

डिझेल गाडीवाल्यांना वेगळं सांगतो. डिझेल पेट्रोलसारखं पटकन पेटत नाही, त्याला साधारण ५० अंशांच्या वर तापावं लागतं, पण इंजेक्टरकडे जाणाऱ्या स्टीलच्या बारीक नळ्यांमध्ये दाब शेकडो बार (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) असतो आणि कॉमन रेल या नव्या पद्धतीच्या डिझेल गाड्यांत १,००० बारच्या वर जातो. इंजिन चालू असताना त्या नळ्यांवरून बोट फिरवून गळती शोधणं म्हणजे जिवाशी खेळ. अदृश्य वाटणारी बारीक धार ग्लोव्ह आणि कातडी भेदून आत शिरते, वरून सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, दुखत पण नाही फार, आणि आतून मांस मरत जातं. असं झालं तर त्याच क्षणी हॉस्पिटल, आणि तिथे दाबाने डिझेल शरीरात गेलंय हे स्पष्ट शब्दांत सांगायचं. तपासायचंच असेल तर लांबून पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरायचा, नाहीतर ते काम डिझेल पंपवाल्याकडे द्यायचं, यात कमीपणा काही नाही.

वास कधी येतो ते आधी लिहून काढा

गाडीखाली झोपायच्या आधी आतापर्यंत वास कधी-कधी आला हे आठवून लिहून काढलं तर अर्धं काम होतं.

टाकी फुल केल्यावरच वास येतो आणि अर्ध्यावर आल्यावर जातो, तर दोष टाकीच्या वरच्या भागात, म्हणजे भरायच्या नळीचा रबरी जोड, वाफेचा पाईप, गेजच्या सेंडरची (टाकीत पेट्रोल किती हे मोजणारा भाग) रिंग किंवा टाकीचं झाकण. गाडी चालवून बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी बोनेटजवळ वास आला तर इंजिनाकडचा भाग, कारण गाडी थांबली की वारा बंद होतो आणि बोनेटखालची गरमी उलट वाढते, कार्बोरेटरमधलं पेट्रोल तापून बाहेर पडतं किंवा तापलेला पाईप पाझरतो. थंडीत पहिल्यांदा चालू केल्यावर वास आणि पाच मिनिटांत गायब, असं असेल तर मला पहिला संशय कडक झालेल्या रबरावर येतो, इंजेक्टरच्या ओ-रिंग (जोडातल्या गोल रबरी रिंगा) किंवा पाईपची टोकं, ती थंडीत आकसतात आणि गरम झाली की परत फुगून जोड बंद करतात. गॅरेजला पोचेपर्यंत गाडी गरम झालेली असते त्यामुळे तिथे काहीच सापडत नाही, आणि मालकालाच भास होतोय असं ठरतं. अशी गाडी रात्रभर तिथेच ठेवून सकाळी पहिल्या स्टार्टला दाखवायला सांगा.

चालत्या गाडीत ब्लोअर लावल्यावर वास येत असेल तर बोनेट आणि काचेच्या मधल्या भागातून तो आत ओढला जातोय, म्हणजे परत इंजिनाकडे. काचा थोड्या खाली केल्यावर किंवा मागच्या सीटवर जास्त जाणवत असेल तर टाकीकडे.

आधी धुवा, मग पुठ्ठा

जुन्या गाडीखाली इतकी तेलकट माती असते की नवी ओल आणि जुनी ओल यातला फरक कळत नाही. दाबाच्या पाण्याने थेट जोडांवर मारू नका, साध्या पाण्याने आणि ब्रशने माती काढा, पूर्ण वाळू द्या. मग संध्याकाळी गाडी एका जागी लावा आणि खाली टाकीपासून इंजिनापर्यंत पुठ्ठे पसरा, चाकांच्या जागा पेनाने पुठ्ठ्यावर लिहून ठेवा म्हणजे सकाळी कुठला डाग कशाखाली होता हे कळेल. पेट्रोलचा डाग सकाळपर्यंत उडून गेलेला असतो पण पुठ्ठ्यावर त्याची पिवळसर कडा राहते, वास पण राहतो. डिझेल आणि तेल मात्र जागेवर थांबतात. एसीचं पाणी असेल तर नुसतं वाळून जातं, पेट्रोलचा वास नाही.

आणि एक लक्षात ठेवा, थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. पेट्रोल पाईपच्या बाहेरून, चॅसिसच्या कडेने दोन-दोन फूट सरकतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला लोंबतं. डागापासून वर आणि मागे जात जायचं, कोरडा भाग सुरू झाला की त्याच्या अलीकडचा जोड तुमचा.

टाकी

झाकण काढून त्याची रबरी चकती बघा, चपटी होऊन कडक झाली असेल तर झाकणच बदला. मग भरायची नळी टाकीला जिथे मिळते तिथला जाड रबरी जोड. हा गाडीइतकाच जुना असतो कारण कुणी कधी बदलतच नाही. त्याला हाताने पिळा, बोटांनी दाबा, चांगलं रबर दाबल्यावर लगेच मूळ आकारात येतं. नखाने दाबून खूण तशीच राहिली किंवा बारीक जाळीसारख्या भेगा उघडल्या तर तो गेला. शेजारी त्याच्यापेक्षा बारीक, वाफेचा पाईप असतो, तो पण तसाच बघा.

टाकीच्या वर सेंडर किंवा पंपाची गोल चकती असते, कधी मागच्या सीटखाली, कधी डिकीच्या तळाशी झाकणाखाली. तिथली धूळ बघा. कोरडी, सैल धूळ असेल तर ठीक. धूळ ओली होऊन वाळलेली, कडक पोपडा झालेली किंवा चकतीभोवती एक धुऊन निघाल्यासारखं स्वच्छ वर्तुळ असेल तर रिंग गळतेय. पेट्रोल स्वतः उडून जातं पण जाताना मळ धुऊन नेतं, त्यामुळे घाणीने भरलेल्या गाडीत एकच जागा चकचकीत दिसली तर तिथेच थांबून बघायचं. हे मी शिकलेल्या गोष्टींमधलं सगळ्यात उपयोगी.

टाकीचा तळ, शिवण आणि ज्या पट्ट्यांवर टाकी टांगलेली असते त्यांच्या मागची जागा बघा, पट्टी आणि टाकीच्या मध्ये ओल अडकून तिथेच गंज खातो. पत्र्यावर रंगाचा फुगा दिसला तर बोटाने हळू दाबा, स्क्रूड्रायव्हरने टोचू नका, भरलेल्या टाकीला तिथल्या तिथे भोक पडेल. टाकी गंजून गळत असेल तर ती काढून बदलायची किंवा टाकीचंच काम करणाऱ्याकडे द्यायची. रिकामी टाकी घरी वेल्ड करायचा विचार मनात पण आणू नका, रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक.

गाडीखालची लांब लाईन

टाकीपासून पुढे लोखंडी किंवा प्लास्टिकची नळी चॅसिसला क्लिपांनी धरून पुढे जाते. बऱ्याच गाड्यांत दोन नळ्या दिसतील, एक जाणारी आणि एक उरलेलं पेट्रोल परत टाकीत आणणारी. परतीच्या लाईनला दाब कमी म्हणून लोक तिच्याकडे बघत नाहीत, पण पेट्रोल तिच्यातही वाहतं आणि ती पण तेवढीच जुनी असते.

लोखंडी नळी मोकळ्या जागी क्वचित गंजते, गंजते ती क्लिपच्या आत. क्लिप आणि नळीच्या मध्ये चिखल बसतो, ओल धरून ठेवतो, बाहेरून नळी ठणठणीत दिसते आणि क्लिप उचकटली की आत पापुद्रे सुटलेले. म्हणून प्रत्येक क्लिप बघायची. मागच्या चाकांच्या आसपास, जिथे टायरने उडवलेला चिखल बसतो, तिथे जास्त वेळ द्या. पांढऱ्या कोरड्या टिशू पेपरने नळी पुसत जा, ओल असेल तर टिशूवर आधी दिसेल, लगेच नाकाला लावून बघा. नुसता गंजाचा रंग आलेली नळी अजून चालेल, पण पापुद्रे सुटायला लागले किंवा पृष्ठभागावर खड्डे पडले की गळत नसली तरी बदलायची. प्लास्टिकची नळी असेल तर कुठे घासली गेलीय का, सायलेन्सरजवळ पिवळी-तपकिरी पडलीय का, दगड लागून वळ आलाय का ते बघा, आणि तिच्या झटपट लागणाऱ्या जोडांच्या आतली ओ-रिंग पण जुनी होते हे विसरू नका.

रबरी पाईप, खरा गुन्हेगार

माझ्या अनुभवात दहातल्या बहुतेक गळत्या याच रबरी तुकड्यांत सापडतात. फिल्टरच्या दोन्ही बाजूला, पंपाला, कार्बोरेटरला, रेलला, असे वीतभर-वीतभर तुकडे असतात. जुन्या रबराला गरमी तर खातेच, पण पेट्रोलमधलं इथेनॉल पण खातं, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा विचार करून जुने पाईप बनवलेलेच नव्हते. काही पाईप कडक होऊन तडकतात, काही उलट फुगून मऊ-चिकट होतात, आणि काही आतून सुटतात, बाहेरून नवे दिसतात आणि आतले काळे कण फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) जाऊन बसतात. फिल्टर कापून बघितला आणि आत काळा चुरा दिसला तर तो रबराचा.

एक पाईप हातात घ्या. मधला भाग बघू नका, तो शेवटी जातो. क्लिपच्या लगेच पुढचा अर्धा इंच बघा. तिथे पाईप थोडा फुगलेला असतो, नळीच्या टोकावर ताणलेला, आणि भेग तिथूनच सुरू होते. टोक हळूच एका बाजूला वाकवा आणि बाहेरच्या बाजूवर टॉर्च मारा. सरळ असताना गुळगुळीत दिसणाऱ्या रबरावर वाकवल्यावर बारीक आडव्या रेघा उघडतात. त्या रेघांमध्ये पेट्रोल चमकलं तर उत्तर मिळालं, नाही चमकलं तरी तो पाईप बदलायचाच आहे. बाहेरून कापडी वीण असलेले जुने पाईप सगळ्यात फसवे, वीण भेग झाकते आणि पेट्रोल विणीतून शोषून लांब नेते. तशा पाईपचं वय माहीत नसेल तर तपासत बसू नका, सरळ बदला.

क्लिप सैल वाटली म्हणून आवळण्याची घाई पण करू नका. जुनं कडक रबर आवळलं की क्लिपची धार त्यात घुसते, त्या दिवशी गळती थांबते आणि आठवड्याने पाईप टोकाला फाटतो. आणि एक पाईप गेला असेल तर त्याच वयाचे बाकीचे पण रांगेत उभे आहेत, सगळे एकत्र बदला.

पंप, कार्बोरेटर, रेल

मेकॅनिकल पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं, तिथून पेट्रोल येत असेल तर आतला पडदा फाटलाय. पडदा फाटल्यावर कधीकधी पेट्रोल बाहेर न येता इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिक काढून बघा, ऑइल आधीपेक्षा वर चढलंय का, पातळ झालंय का, पेट्रोलचा वास येतोय का. तसं असेल तर गाडी चालू करू नका, पातळ ऑइलवर बेअरिंग जातात आणि क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोटात) वाफ साठते ती वेगळीच.

कार्बोरेटर बाहेरून ओला दिसला की लोक पाईपला दोष देतात, पण खूपदा फ्लोटची (आत पेट्रोलची पातळी धरणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई अडकलेली असते आणि पेट्रोल वरून ओसंडत असतं. पाईपचा जोड पुसून कोरडा करा, कुणालातरी इंजिन चालू करायला सांगा आणि तुम्ही हात न घालता लांबून बघा, ओल आधी जोडावर येते की कार्बोरेटरच्या वाटीच्या गॅस्केटवरून उतरते ते अर्ध्या मिनिटात कळतं.

इंजेक्शनच्या गाडीत प्रत्येक इंजेक्टरच्या वरच्या आणि खालच्या ओ-रिंगभोवती बघा, तिथे तपकिरी वार्निशसारखा डाग असेल तर ते उडून गेलेल्या पेट्रोलचं मागे राहिलेलं आहे. रेलवर प्रेशर रेग्युलेटर असेल तर त्याचा बारीक व्हॅक्यूम पाईप काढून हुंगा, आत पेट्रोल ओलं लागलं तर आतला पडदा फुटलाय आणि पेट्रोल थेट इंजिनात ओढलं जातंय. अशी गळती बाहेर कधीच दिसणार नाही, फक्त ॲव्हरेज पडेल, काळा धूर येईल आणि गरम इंजिन चालू व्हायला त्रास देईल.

बाईक किंवा स्कूटर असेल तर वाट छोटी आहे, टाकी, कॉक, एक पाईप, फिल्टर, कार्बोरेटर. कॉकचा वॉशर आणि त्या एका पाईपची दोन टोकं बघितली की बहुतेक काम झालं.

दाबाखालची तपासणी

थंड आणि बंद गाडीत काहीच सापडलं नाही तर ही पायरी. बॅटरी परत जोडा, बोनेट उघडं, आग विझवायचा सिलिंडर घेऊन एक माणूस बाजूला. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद फिरून थांबतो, असं तीन-चार वेळा करा म्हणजे स्टार्ट न करता लाईन दाबाखाली येते. मग प्रत्येक जोडाला कोरडा टिशू लावत जा, ज्या टिशूवर ओल आली तो जोड. पेट्रोलवर साबणाच्या पाण्याचे फुगे शोधू नका, ते गॅसच्या गाड्यांना चालतं.

रेलवर गेज लावायची सोय असेल तर प्रेशर बघा आणि गाडी बंद करून दहा मिनिटं काटा बघत बसा. हळूहळू थोडा उतरला तर चालतं, धाडकन पडला तर पेट्रोल कुठेतरी जातंय, बाहेर ओल नसेल तर गळका इंजेक्टर, रेग्युलेटर किंवा पंपातला वनवे व्हॉल्व्ह. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा. लाईनमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारू नका आणि टाकीत तर मुळीच नाही.

कार्बोरेटर किंवा जुन्या डिझेल गाडीत ओढीच्या बाजूला हवा शिरत असेल तर वासाऐवजी खुणा वेगळ्या, सकाळी खूप स्टार्टर मारावा लागतो, चढावर गाडी धापा टाकते, टाकी पाव भागावर आली की त्रास वाढतो. टाकी ते पंप या भागात पारदर्शक फिल्टर असेल तर चालू इंजिनात त्यात बुडबुड्यांची रांग दिसते का बघा. दिसली तर फिल्टरपासून मागे टाकीकडे जात एकेक जोड तपासा.

बदलताना

पाईप फ्युएलचाच घ्या, पाण्याचा, हवेचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा नको. पाईपवर छापलेलं वाचा, आर७ म्हणजे कार्बोरेटरच्या कमी दाबासाठी, आर९ इंजेक्शनच्या दाबासाठी आणि इथेनॉललाही चांगला तोंड देतो. कार्बोरेटरच्या गाडीला आर९ लावला तर काहीच बिघडत नाही, उलट टिकतो, पण इंजेक्शनला आर७ कधीच नाही. आणि टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणारा तुकडा असेल तर त्याला आर१० लागतो, कारण बाकीचे पाईप बाहेरून पेट्रोल सहन करायला बनवलेले नसतात. आतला व्यास नळीच्या मापाचाच हवा, ६, ८ किंवा १० मिलिमीटर, मोठा घेऊन क्लिपने आवळून बसवणं म्हणजे गळती विकत घेणं.

पाईप धारदार ब्लेडने काटकोनात कापा, नळीच्या टोकाचा गंज पुसून घ्या, आणि नळीला टोकाजवळ जो उंचवटा असतो त्याच्या पुढे पाईप किमान इंचभर सरकवा, क्लिप त्या उंचवट्याच्या मागे येऊ द्या. क्लिप कडा वळवलेली घ्या, जाळीच्या खाचांची साधी क्लिप रबर कापते. लोखंडी नळी कापून मध्ये लांबलचक रबर टाकायचा शॉर्टकट नको, नळीच नवीन टाका. नटाच्या जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिथे सील धातूच्या फुलवलेल्या तोंडावर होतं, टेपचे तुकडे मात्र आत जाऊन जेट बंद करतात. एम-सील लावून तर दिवस काढू नका, पेट्रोल त्याला आज ना उद्या सोडवतंच.

पाईपची वाट पण बघा, सायलेन्सरपासून लांब, इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब, कुठे घासणार नाही आणि इंजिन हललं तर ताणणार नाही इतकी ढील.

सांडलेलं पुसलेली फडकी गाडीत किंवा घरात टाकू नका, उघड्यावर आगीपासून लांब वाळू द्या आणि मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. आणि टाकीतून पेट्रोल काढायचं झालं तर तोंडाने ओढू नका, फुफ्फुसात गेलेला एक घोट पण हॉस्पिटल दाखवतो, हातपंप वापरा.

जोडून झालं की आधी किल्ली ऑन-ऑफ, टिशू फिरवा. मग स्टार्ट, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बघा, थोडी रेस देऊन बघा. मग छोटी चक्कर मारून आल्यावर गरम इंजिनात परत टिशू. रात्री परत पुठ्ठा, आणि सकाळी थंड असताना पहिल्या स्टार्टला परत एकदा सगळे नवे जोड. दोन-तीन दिवस स्वच्छ गेले की टाकी पूर्ण भरा आणि टाकीच्या वरच्या जोडांवर एकदा हात फिरवून हुंगा, कारण अर्ध्या टाकीत तो भाग अजून तपासलाच गेलेला नसतो.